मी दिलेला काना

खोपोलीतल्या एका लहान प्रसूतिगृहाच्या दारात मी दोन्ही हात पसरून उभा आहे, असा एक फोटो आहे. माझ्या पाठीशी सरकतं जाळीचं दार, समोर तरुण पोरांचा घोळका, एकाच्या हातात लोखंडी सळई. आमच्या भागात तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. ‘एकटा म्हातारा शिक्षक जमावापुढे उभा राहिला’ असं कोणीतरी त्याखाली लिहिलं होतं. माझ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी माझा सत्कार केला, शाल दिली, आणि मी ती घेतली. अजूनही दहिवलीच्या पुलावर फिरायला गेलो की कोणी ना कोणी थांबवून म्हणतं, “गुरुजी, त्या डॉक्टरीणबाईंना तुम्ही वाचवलंत.”

मी त्यांना वाचवत नव्हतो. त्या बाहेर येऊ नयेत म्हणून मी दार धरून ठेवलं होतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दारात चिरडली गेली, ती माझ्या हातून. हे मी आजवर कुठेच सांगितलं नाही. आता सांगतो, आणि पहिल्यापासून सांगतो, कारण बोटांच्या आधीही बरंच काही घडलं आणि नंतरही.

माझी सगळी नोकरी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शाळांत मराठी शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही चार सेवानिवृत्तांनी एक मंडळ काढलं. मुली गर्भातच मारल्या जातात, त्याविरुद्ध आम्ही शाळाशाळांतून बोलत असू, मुलांकडून शपथ घेत असू. काम खरं होतं. शेवटच्या काही वर्षांत माझ्या वर्गांतले मुलींचे बाक कमी होत गेलेले मी पाहिले होते. पण भाषणं देऊन देऊन मला कंटाळा आला. मला एखादा गुन्हेगार हवा होता.

त्या सुमारास मी गर्भलिंगनिदानाचा कायदा मुळातून वाचला. त्यात एक सोय आहे. सरकारी अधिकाऱ्याने कारवाई केली नाही, तर कोणीही साधा नागरिक त्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. पोलिसांची वाट बघावी लागत नाही. शिवाय त्याच कायद्याने असं धरून चाललेलं आहे की तपासणीसाठी बाईवर नवऱ्याने आणि सासरच्यांनीच जबरदस्ती केली असणार. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. ते कलम मी पाठ केलं. नवी काठी घेतलेला माणूस अंगावर येणारं कुत्रं शोधत हिंडतो, तसं माझं झालं.

आमच्याकडे पळसदरीजवळच्या एका गावातून एक भाजीवाली येत असे. फार वर्षांची ओळख. मागच्या पायरीवर पाटी उतरवायची, माझ्या बायकोशी घटकाभर बोलायची आणि मग पुढे बाजारात जायची. एके सकाळी ती आली तेव्हा मी पडवीत दाढी करत होतो आणि आत कुकर चालू होता.

“वैनी, आज थांबत नाय. सूनबाय दवाखान्यात हाय.”

“का गं? काय झालं?”

“पोट परलं तिचं. पाचवा लागला व्हता. खोपोलीच्या बाईंकडं न्हेली, बाईनी पिशवी धुतली.”

“अगं बाई! मग?”

“मंग काय. पोरगी व्हती गं. तिसरी पन पोरगीच व्हती.”

मधे कुकरची शिट्टी झाली होती. मी तोंडाला साबण तसाच ठेवून मागच्या दारी गेलो.

“काय म्हणालीस? पोट पडलं की पाडलं?”

“अहो, काय विचारताय हे!” बायको म्हणाली.

भाजीवालीने पाटी डोक्यावर चढवली. तिचे डोळे सुजलेले होते, ते मी पाहिले. ती म्हणाली, “परलं काय नि पारलं काय, गुरुजी. पोर गेलीच ना?”

एवढंच ती बोलली. याला मी कबुली मानलं.

बाहेरच्या वाचकासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. आमच्या सखल भागातल्या बोलीत ड चा र होतो. घोडा तो घोरा, गाडी ती गारी, पडला तो परला. मी हजारो वह्यांतून तो र खोडून त्या जागी ड लिहिला आहे. आणि पिशवी धुणे म्हणजे गर्भाशय साफ करणे. गर्भ आपोआप पडला तरी ती धुवावी लागते आणि मुद्दाम पाडला तरी धुवावी लागते. पडणे आणि पाडणे यांतला फरक मी सातवीला फळ्यावर आंब्याचं झाड काढून शिकवत असे. आंबा पडला. मुलाने आंबा पाडला. पहिल्यात कोणाचा हात नाही, दुसऱ्यात आहे. ती बाई ‘परलं’ म्हणाली होती, शिट्टीच्या आधी, स्वच्छ. मला ते ऐकू आलं होतं.

त्याच दुपारी मी नोटीस लिहायला बसलो. ‘चार-साडेचार महिन्यांचा स्त्रीभ्रूण असल्याचे समजल्यावरून पाडला’ असं लिहिलं. बायकोने खांद्यावरून वाचलं.

“तिने असं कुठं सांगितलं?”

“तूच होतीस की समोर.”

“म्हणूनच विचारते. तिच्या र ला तुम्ही ड केलात, तो तुमचा धंदाच आहे. पण काना कुठून आणलात?”

“तुला कायद्यातलं कळत नाही.”

“नाही कळत. बाईच्या पोटातलं कळतं थोडं. गेलंय माझंही एकदा, विसरलात?”

मी विसरलो नव्हतो. तरीही मी पाकीट चिकटवलं.

ज्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नोटीस गेली, त्याने आठवड्याच्या आत मला बोलावून घेतलं. तरुण माणूस होता, नम्र होता. म्हणाला, “गुरुजी, मी स्वतः जाऊन आलो. ती बाई आली तेव्हाच रक्त चालू होतं. गर्भ आपोआप पडलेला आहे. आणि तिथं सोनोग्राफीचं यंत्रच नाही हो. मुलगी आहे ते बाहेर आल्यावर दिसलं सगळ्यांना.”

“तुम्ही सगळे एकाच व्यवसायातले.”

त्याला राग आला, पण त्याने तो गिळला. “तुम्ही त्या मुलीला तरी भेटलात का?”

मी भेटलो नव्हतो. मी उठून आलो आणि पंधरा दिवस संपताच खालापूरच्या न्यायालयात खाजगी तक्रार दाखल केली. आरोपी तीन: डॉक्टरीणबाई, त्या मुलीचा नवरा, आणि तिची सासू. म्हणजे आमची भाजीवाली. आरोपी क्रमांक तीनने माझ्यासमोर तोंडी कबुली दिली, असं मी लिहून दिलं. तिने त्यानंतर आमच्या पायरीवर पाटी उतरवली नाही.

ही बातमी मंडळाच्या बैठकीत मीच वाचून दाखवली. त्या बैठकीला एका तरुण मंडळाचा म्होरक्या आला होता. त्याला नगरपालिकेला उभं राहायचं होतं आणि त्यासाठी काहीतरी मोठं हवं होतं. तो म्हणाला, “गुरुजी, कोर्टाला टाइम लागतो. आपण आधी निषेध करू.”

“शांततेत करा.”

“एकदम शांततेत. तुम्ही फक्त पुढं बसा. तुमचे पांढरे केस पायजेत.” सगळे हसले. मीही हसलो.

दोन टेंपो भरून पोरं निघाली. मी पहिल्या टेंपोत चालकाशेजारी बसलो. खोपोलीच्या त्या गल्लीत शिरल्यावर घोषणा सुरू झाल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला पहिला दगड खिडकीतून आत गेला. तो कोणी मारला ते मला ठाऊक नाही. पण मी कोणाला थांबवलं नाही हे ठाऊक आहे. प्रतीक्षेच्या खोलीत तीन-चार पोटुशा बायका होत्या. त्या किंचाळत भिंतीला धरून बाहेर निघाल्या, एकजण उंबऱ्यात गुडघ्यावर पडली, तिला ओलांडून पोरं आत घुसली. नर्स आडवी आली. तिला एकाने स्टुलाने मारलं. स्टुलाचा पाय कपाळात लागला आणि ती खाली बसली, जणू तिला बसायलाच सांगितलं होतं. मग रक्त आलं.

“मशीन कुठाय? मशीन काढा रे बाहेर!”

मशीन नव्हतंच. पण आतल्या खोलीत काचेची एक पेटी होती, वर दिवे, बाजूला आकडे दाखवणारी पट्टी. “हीच ती!” कोणीतरी ओरडलं. चौघांनी ती ओढत बाहेरच्या खोलीत आणली, तारा तुटल्या, आणि सळईने तिच्यावर घाव घालायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई मागून धावत आल्या. पन्नाशीच्या बाई, केस विस्कटलेले, पदर कोणीतरी खेचलेला. “अरे, ती बाळांची पेटी आहे! कमी दिवसांच्या बाळांना ऊब द्यायची पेटी आहे रे!” पेटी रिकामी होती हे नशीब. त्यांना एकाने मानेला धरून त्या काचांवर ढकललं. त्या हातांवर पडल्या आणि उठल्या. दुसऱ्याने तोंडाला काळं फासलं, पण ते डोळ्यांत गेलं आणि त्या आंधळ्यासारख्या दाराकडे आल्या.

मी दाराबाहेर होतो. त्या येताना पाहून मी जाळीचं दार सरकवलं.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतं. पोलीस येईपर्यंत आरोपी क्रमांक एक पळता कामा नये. पुरावा जाईल. इतका क्षुद्र आणि इतका नीटनेटका विचार होता तो. त्यांनी फटीत हात घातला आणि दार मागे ढकलायला लागल्या.

“आजोबा, दार सोडा. बोटं अडकलीत. आजोबा!”

बोटं मला दिसत होती. त्यांच्यावर काळा रंग होता आणि त्यातून रक्त वाहत होतं. मी म्हणालो, “पोलीस आल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही,” आणि अंगाचा भार देऊन दार शेवटपर्यंत नेलं. ओल्या फांदीसारखा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

तेवढ्यात मागून आणखी पोरं आत जायला आली. आत आता जागा नव्हती आणि मला दार हलवायचं नव्हतं, म्हणून मी वळलो, दाराला पाठ लावली आणि हात पसरले. “पुरे! आत कोणी जाऊ नका!” तेव्हा तो फोटो निघाला.

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना सांगितलं होतं की दार म्हाताऱ्याने लावलं. पण फोटो सगळ्यांनी पाहिला होता. बाई भीतीने गोंधळल्या असतील असं पोलीसच म्हणाले. त्या बोटांनी पुन्हा सुरी धरता आली नाही. प्रसूतिगृह बंद पडलं आणि बाई आपल्या मुलाकडे राहायला निघून गेल्या. पोरांवर खटला झाला, माझं नाव त्यात साक्षीदारांतही आलं नाही.

हिंसा तिथे थांबली नाही. त्या सुनेचं माहेर खालापूर तालुक्यातलं. तिथे तिचे दोन भाऊ. त्यांच्या कानावर गेलं ते माझ्या तक्रारीतलं वाक्य: नवऱ्याने जबरदस्तीने मुलगी पाडली. नवरा रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होता. पाळी संपवून मोटरसायकलवरून येत असताना दोघा भावांनी त्याला धरणाच्या रस्त्यावर अडवलं. एकाने छातीवर बसून धरलं आणि मोठ्याने पाण्याच्या लोखंडी नळीने त्याच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली, हाड बाहेर येईपर्यंत मारलं. मग त्याला तिथेच टाकून ते त्याच्या घरी गेले आणि बहिणीला केसांना धरून टेंपोत घातलं. ती येत नव्हती. तिने भावाच्या मनगटाचा लचका तोडला, त्याची खूण अजून आहे. तिच्या दोन मुलींना आजीने आत कोंडून दाराला आडणा घातला होता. आतून मुली आणि बाहेरून आई, दोन्हीकडून दार बडवलं जात होतं, असं शेजारी सांगतात. तेव्हापासून मुली सासरी आणि ती माहेरी.

माझी साक्ष व्हायच्या आधी ती एकदा आमच्या घरी आली. तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं. पंचविशीच्या आतली, बारीक, हातात ती आता कामाला जाई त्या कारखान्यातली टोपी.

“गुरुजी, मी ती. तुमच्या कागदातली.”

बायकोने तिला आत घेतलं. ती खुर्चीत बसली नाही, जमिनीवर बसली.

“माजं परलं व्हतं. कोनी काय केलं नाय. सासूबाय रातभर माज्या उशाशी बसून व्हती. तुमी कोर्टात येवढं सांगा, परलं व्हतं. मंग माजे भाव म्हंतील, चुकलं आमचं. जातील त्याच्याकडं. मला केस नको, काय नको. मला माज्या पोरी पायजेत.”

मी म्हणालो, “विचार करतो.”

“इचार कसला करायचा त्यात?” तिने खरोखरच विचारलं, टोमणा म्हणून नाही.

“अगं, ते विचार करून करूनच शिक्षक झालेत,” बायको म्हणाली. हा मात्र टोमणा होता.

साक्षीच्या दिवशी कोर्टात माझे माजी विद्यार्थी मागच्या बाकांवर बसले होते. म्होरक्याही होता, आता नगरसेवक झालेला. माझ्या वकिलाने विचारलं, “आरोपी क्रमांक तीन नेमकं काय म्हणाली?” मी शपथ घेतलेली होती. भाजीवाली समोर उभी होती, डोक्यावर पाटी नसल्यामुळे लहान दिसत होती. तिच्या बाजूला कुबडी घेतलेला तिचा मुलगा. मी म्हणालो, “पोट पाडलं, असं म्हणाली.” माझा उच्चार इतका स्पष्ट होता की टंकलेखकाने पुन्हा विचारलं नाही.

बाहेर आल्यावर ती सून पायऱ्यांपाशी उभी होती. ती माझ्या अंगावर धावली नाही. तिने स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, थांबता थांबेना. शेवटी एका महिला पोलिसाने तिचे हात धरले. मी रिक्षात बसलो.

इतकं होऊनही मी गप्प राहिलो असतो, हे मला कबूल केलं पाहिजे. या वर्षी पळसदरीकडच्या एका शाळेने मला बक्षीस समारंभाला बोलावलं. मी मंचावर बसलो होतो. समोर पटांगणाला लागून कुंपणाची भिंत. मधल्या सुट्टीत तिथे एक बाई आली आणि भिंतीवरून दोन मुलींच्या हातात काहीतरी खायला देऊ लागली. धाकटीला ते घेता येईना, म्हणून थोरली तिला उचलत होती. मी ओळखलं. तेवढ्यात रस्त्याने आमची भाजीवाली आली, पाटी खाली टाकली, आणि पायातली चप्पल काढून सुनेला मारायला लागली. डोक्यावर, तोंडावर, पाठीवर. सून भिंतीपासून हटत नव्हती; मार खात होती आणि एका हाताने मुलीचं मनगट धरून होती. मुली किंचाळत होत्या. पटांगणातली बाकीची मुलं खेळत राहिली.

मुख्याध्यापक माझ्याकडे वाकले. “तुम्ही लक्ष देऊ नका, गुरुजी. रोजचंच आहे.”

मी बक्षिसं वाटली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “मग? आता काय करणार? भाषण?”

दुसऱ्या दिवशी मी भाजीवालीच्या घरी गेलो. अंगणात तिचा मुलगा बाजेवर बसला होता, पाय पुढे, नडगी वाकडी सांधलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं: ते आपोआप गेलं होतं, मी खोटं लिहिलं, खोटी साक्ष दिली.

म्हातारी दारातून पुढे आली. “हे मला सांगताव? मीच न्हेली व्हती तिला. माज्या लुगऱ्यावर व्हतं तिचं रगत.”

“मग तिला घरात का घेत नाहीस?”

“ह्याचा पाय बगा. बगा, लाजू नका. ज्या घरानं ह्यो पाय मोरला, त्या घरची बाय मी चुलीपाशी बसवू? त्यांना येऊ द्या. हिकडं, या अंगनात. ह्याचे पाय धरू द्या दोगांना. मंग न्या म्हनावं पोरीची आय आत.”

मी समजत होतो की माझा एक खरा शब्द इथे दिला की दार उघडेल. इथल्या कोणालाच तो नको होता, तो त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. मी मुलाला काहीतरी म्हणायला वळलो. त्याने कुबडी भिरकावली, ती माझ्या नाकाच्या हाडावर बसली. “नीघ, मास्तर,” तो म्हणाला. “भावांकडं जा. शब्द त्यांना इकलास, त्यांच्याकडनं परत आन.”

नाकातून रक्त आलेलं पाहून बायकोने पाणी आणलं. “भावांकडे जाऊ का?” मी विचारलं. “ते मारतील.”

“जा. मार खाऊन या, पण जा.”

माझी उलटतपासणी अजून व्हायची आहे. खटला इतकी वर्षं रेंगाळला त्याचा एवढाच उपयोग. वकिलाला मी सांगितलं की मी तिथे खरं बोलणार. त्याने हात जोडले आणि मला दुसरा वकील बघायला सांगितलं. खोट्या साक्षीचं काय होतं तेही समजावलं. ते ठीक आहे. पण उलटतपासणीची वाट न बघता आधी भावांकडे जायला हवं होतं.

त्यांचं घर नवं आहे, जमीन विकून बांधलेलं, पुढे फरशीचा ओटा आणि टेंपो. मोठ्या भावाने मला पाहिलं आणि धावत खाली आला, पाया पडला. “या, या गुरुजी! तुमी नसताव तर आमाला कलालंच नसतं त्या हरामखोराचं. च्या टाक गं!” त्याच्या मनगटावर दातांची खूण होती. धाकट्याने खुर्ची पुसून दिली.

मी बसलो नाही. सांगून टाकलं. तुझ्या मेव्हण्याने काही केलं नाही. ते आपोआप गेलं होतं. त्याच्या आईने मला तसंच सांगितलं होतं, मी ते बदलून लिहिलं.

मोठा हसला. “किती दिले त्यांनी?”

“कोणी काही दिलं नाही.”

“तुमी घाबरलाव. कोनी धमकी दिली काय? नाव सांगा फक्त.”

“तुझ्या बहिणीला विचार. ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून हेच सांगत असेल.”

“ती तर सांगतेच,” धाकटा हळूच म्हणाला. “पन ती नवऱ्याला वाचवायला सांगते, असं आमी...”

मोठा भाऊ ओट्याच्या कडेला बसला. आपल्या हातांकडे बघत होता. मग त्याने मला विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं, “मंग आमी त्याचा पाय कशापायी मोरला?”



तो उठला आणि पहिली थप्पड कानावर बसली. दुसरी तोंडावर. माझा खालचा ओठ फाटला आणि एक दात जिभेवर आला. मी मागच्या खुर्चीवर आदळलो आणि तिच्यासकट पडलो. त्याने मला सदऱ्याला धरून वर ओढलं आणि मूठ उगारली. आतून ती धावत आली, हात पिठाने भरलेले. मला वाटलं ती मला सोडवायला आली.

तिने भावाचं मनगट धरलं. “दादा, तोंडावर नको मारू. त्याला कोर्टात बोलायचं हाय. आन तुमाला माज्या सासूच्या अंगनात जायचं हाय, उद्या, दोगांना. आदी हो म्हन.”

त्याची मूठ तशीच वर होती. धाप लागली होती त्याला, डोळ्यांतून पाणी येत होतं.

“हो म्हन, दादा.”

“जातो,” तो म्हणाला.

तिने त्याचं मनगट सोडलं आणि बाजूला झाली. मग तो माझ्या पाठीत, बरगड्यांत, पोटात मारत राहिला. ती दाराला टेकून बघत होती. मी जमिनीवर कुशीवर पडून होतो आणि तोंडाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी ते झाकून घेतलं होतं.